दोष बोटाचा की स्कॅनरचा?

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. रेल्वेतून निवृत्त झालेल्या मामांना हयातीचा दाखला काढायचा होता, म्हणून त्यांना घेऊन तालुक्याच्या गावातल्या एका सेवा केंद्रात गेलो. बाकावर सात-आठ म्हातारी माणसं बसलेली. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात पेन्शनचे कागद. मामांचा नंबर आला. केंद्र चालवणारा मुलगा अदबीनं म्हणाला, "काका, अंगठा ठेवा." पडद्यावर अक्षरं उमटली : 'प्रमाणीकरण अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.' मामांनी सदऱ्याला अंगठा पुसून पुन्हा ठेवला. तेच. तिसऱ्या वेळी त्या मुलानं स्वतःच्या हातानं त्यांचा अंगठा दाबून धरला. पुन्हा तेच. "काका, ठसे गेलेत तुमचे. वय झालं की होतं असं."

माझं लक्ष स्कॅनरच्या काचेकडे गेलं. एरवी अंगठा ठेवायच्या वेळी ती उजळते. तिन्ही वेळा ती अंधारीच राहिली होती. परवानगी मागून संगणकाचं डिव्हाइस मॅनेजर उघडलं, तर स्कॅनरच्या नावापुढे पिवळा त्रिकोण. केबल काढून दुसऱ्या पोर्टमध्ये घातली, मिनिटभर थांबलो. काच उजळली आणि मामांचा अंगठा पहिल्या झटक्यात जुळला. आमच्या आधी दोन बायकांना "उद्या या" म्हणून परत पाठवलं होतं. दाखला मिळाला तरी मामा घरी पोचेपर्यंत अंगठा चोळून चोळून बघत होते.

यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांबरोबर माझी बरीच वर्षं गेली. 'ड्रायव्हरकडची माहिती वापरणाऱ्याला दाखवायची का?' हा प्रश्न आमच्या बैठकांत कितीदा तरी येतो आणि बहुतेक वेळा 'नको, लोक गोंधळतात' एवढ्यावर मिटतो. त्या दिवशी बाकावर बसलेली माणसं डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहितोय. तुम्ही स्कॅनर, प्रिंटर, वजनकाटा, पॉस मशीन अशा कशासाठीही प्रणाली बनवत असाल, तर तो तुमच्यासाठी आहे.

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामधला दुभाषा. यंत्र जोडलेलं आहे का, जागं आहे का, कुणी दुसऱ्या प्रोग्रॅमनं अडवून धरलंय का, शेवटची चूक कोणती, हे सगळं त्याला ठाऊक असतं. ते वरच्या थरापर्यंत येतंही. पडद्यापर्यंत किती जाऊ द्यायचं, हे आपण ठरवतो.

आधारच्या बोटाच्या ठशाचंच घ्या. २०१७ पासून आधार पडताळणीसाठी नोंदणीकृत यंत्रंच चालतात आणि त्यांच्याबरोबर आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्रॅम संगणकावर चालतो. दाखल्याची किंवा बँकेची प्रणाली त्याला विचारते, 'आहेस का?' तो उत्तर देतो : तयार, वापरात, किंवा तयार नाही. ठसा घेताना काही अडलं तर तो क्रमांक देतो. ७०० म्हणजे वेळेत बोट आलंच नाही. ७१० म्हणजे दुसरा प्रोग्रॅम यंत्र वापरतोय. ७२० म्हणजे यंत्र तयार नाही. ७३० म्हणजे ठसा घेता आला नाही. यातलं काहीच न होता ठसा नीट घेतला गेला, आधारच्या सर्व्हरपर्यंत पोचला आणि तिथल्या नोंदीशी जुळला नाही, तर सर्व्हरकडून येतो तो क्रमांक ३००.

म्हणजे बिघाड कुठे आहे याची खबर यंत्रणेत आधीपासून आहे. ७२० ला स्कॅनर जबाबदार, ७१० ला संगणकावरचा दुसरा प्रोग्रॅम. बोटाकडे वळायला खरं कारण मिळतं ते ३०० ला. या साऱ्यांसाठी पडद्यावर एकच 'प्रमाणीकरण अयशस्वी' लिहिलं, की दोष ज्याचं बोट काचेवर आहे त्याच्यावर जातो. खुर्चीतला मुलगा खोटं बोलत नव्हता. पडद्यानं त्याला जे सांगितलं त्यावरून जो अर्थ लागतो तो त्यानं लावला.

म्हणून माझी पहिली कसोटी ही आहे : ही माहिती लपवली तर दोष कुणाच्या माथी जाईल? जर तो निर्दोष माणसाच्या माथी जाणार असेल, तर माहिती दाखवायलाच हवी. मग ती कितीही तांत्रिक असो. तिला सोप्या भाषेत आणणं हे आपलं काम.

दुसरी कसोटी सगळ्यांना माहीत असते, पण ती अर्धीच वापरली जाते. 'वापरणारा याचं काही करू शकतो का?' विंडोजचं डिव्हाइस मॅनेजर बघा. कोड २२ म्हणजे यंत्र बंद करून ठेवलंय, कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच बसवलेला नाही, कोड ४५ म्हणजे यंत्र सध्या जोडलेलं नाही. तिन्हींवर माणूस काहीतरी करू शकतो. कोड १० मात्र 'हे यंत्र सुरू होऊ शकत नाही' एवढंच सांगतो. कारण ड्रायव्हर जुना असेल, हार्डवेअर गेलं असेल, काहीही असेल. अशा वेळी 'करण्यासारखं काही नाही, मग दाखवू नका' असा निष्कर्ष काढला जातो. तिथे मी अडतो. दुरुस्ती करता येत नसली तरी माणसाला वाट बदलता येते. शेजारच्या खिडकीत जाता येतं, दुसरा स्कॅनर मागवता येतो, रांगेतल्या लोकांना 'मशीन बिघडलंय, दुपारी या' असं खरं सांगता येतं. हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यानं चेहरा पडताळायची सोय आहे. पण स्कॅनर मेलाय हेच कळलं नाही, तर तो पर्याय उघडायचं सुचणार कुणाला?

हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली ती आयफोनच्या बाबतीत. बॅटरी थकलेल्या फोनची गती सॉफ्टवेअर आपोआप कमी करत होतं. फोन अचानक बंद पडू नये हा हेतू. पण हे वापरणाऱ्याला दिसत नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला ते जाहीरपणे मान्य करावं लागलं. फोन मंद झाला की तो जुना झाला, नवा घ्यावा लागणार, असंच कुणालाही वाटेल. खरं तर नवी बॅटरी पुरली असती. मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ आलं आणि बॅटरीची क्षमता किती टक्के उरली आहे ते सेटिंग्जमध्ये दिसू लागलं. अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणावा लागला आणि पुढे खटल्यांत कोट्यवधी डॉलर मोजावे लागले. आज तो टक्क्याचा आकडा जुना फोन घेताना आपल्याकडचं गिऱ्हाईकही आधी विचारतं.

आता दुसरी बाजू, आणि तीही मी तितक्याच गांभीर्यानं मांडतोय. सगळं उघडं करणं हा उपाय नाही.

हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यातले कच्चे आकडे जसेच्या तसे दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर्स मिळतात. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये वाचनातल्या चुकांचा कच्चा आकडा कोट्यवधींत असतो आणि डिस्क ठणठणीत असते, कारण त्या एका आकड्यात किती वाचलं आणि किती चुकलं हे दोन्ही कोंबलेलं असतं. ते बघून चांगल्या डिस्क बदलायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. उलटही घडतं. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी, तापमान सोडलं तर, स्मार्टच्या कुठल्याही नोंदीत इशारा दिलेला नव्हता. म्हणजे 'सर्व ठीक' ही पाटीही जपून लावायची. 'आत्तापर्यंत तक्रार नाही' आणि 'डिस्क निरोगी आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत.

ठशाच्या दर्जाच्या गुणांचं तसंच. आरडी सर्व्हिस ठशासोबत दर्जाचा आकडा देते. तो आकडा पडद्यावर आला की तो आजीचा 'निकाल' होतो. "आजी, तुमचे अडतीसच आले." त्या आकड्याचा अर्थ आजीला नको असतो, सूचना हवी असते : अंगठा थोडा खाली घ्या, ओला करून पुसा, मधलं बोट ठेवून बघा. आकडा नोंदवहीत जाऊ द्या, सूचना पडद्यावर येऊ द्या.

कुणाला काय, याची वाटणी कशी करावी याचा उत्तम नमुना प्रिंटरवाल्यांनी घालून दिला आहे. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलमध्ये प्रिंटरची अवस्था फक्त तीन शब्दांत सांगायची असते : रिकामा, कामात, थांबलेला. अवस्थेची कारणं वेगळ्या रकान्यात : कागद संपला, कागद अडकला, टोनर कमी, झाकण उघडं. प्रत्येक कारणाला शेवटी एक शेपूट जोडता येतं, ते नुसती माहिती आहे, इशारा आहे की काम अडवणारी चूक आहे हे सांगणारं. आणि माणसानं वाचायचं वाक्य आणखी वेगळं. ही रचना १९९९ पासून चालत आली आणि २०१७ च्या आरएफसी ८०११ मध्येही तशीच आहे. टोनर कमी आहे म्हणून प्रिंटर थांबत नाही, कागद संपला की थांबतो, आणि हा फरक त्या शेपटात मावतो. तुमच्या यंत्रासाठी कोरा कागद घेऊन बसाल तेव्हा हीच विभागणी करून बघा. तीन-चार अवस्थांच्या पुढे जावं लागलं, तर तुम्ही अवस्था आणि कारण यांची सरमिसळ केली आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा अनेकांना बागुलबुवा वाटतो. तसा तो नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये वीज किती खर्च झाली ते मोजायची सोय आहे आणि लिनक्समधला ड्रायव्हर ते आकडे संगणकावरच्या कुठल्याही साध्या प्रोग्रॅमला वाचू देत होता. निरुपद्रवी माहिती, कुणालाही तसंच वाटेल. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्या आकड्यांच्या बारीक चढउतारांवरून प्रोसेसर आत काय करतोय, कुठली गुप्त माहिती हाताळतोय, याचा माग काढता येतो. त्या हल्ल्याला त्यांनी प्लॅटिपस नाव दिलं. लिनक्सनं लगेच ते आकडे फक्त प्रशासकापुरते केले. फायरफॉक्सनं २०१७ मध्ये, ५२ व्या आवृत्तीत, वेबसाइट्सना बॅटरीची स्थिती वाचू देणं बंद केलं. बॅटरीचे अतिसूक्ष्म आकडे वापरून माणसाचा माग ठेवता येतो हे त्याआधी दोन वर्षं संशोधकांनी दाखवून दिलं होतं.

यातून मी दोन सवयी लावून घेतल्या. गरजेपेक्षा बारीक आकडा द्यायचा नाही. 'बॅटरी कमी' पुरत असेल तर टक्के नकोत, टक्के पुरत असतील तर दशांश नकोत. आणि आकडा कोण वाचू शकतो हे सुरुवातीलाच ठरवायचं, कारण नंतर दार लावलं की आत आलेल्यांची कामं अडतात. ठशाच्या स्कॅनरमध्ये याला एक खास पैलू आहे. काही स्कॅनर बोट जिवंत माणसाचं आहे की नक्कल आहे हे तपासतात. नक्कल कशावरून ओळखली, हे पडद्यावर सांगू नका. फसवणाऱ्याला ती शिकवणीच होईल. तिथे 'ठसा स्वीकारता आला नाही, दुसरं बोट ठेवा किंवा दुसरा मार्ग वापरा' एवढं पुरे. प्रामाणिक माणसाची थोडी गैरसोय होते हे खरं, म्हणून दुसरा मार्ग त्याच वाक्यात हवा. स्कॅनरचा पूर्ण अनुक्रमांकही सतत पडद्यावर झळकायची गरज नसते. मदतकेंद्राला लागेल तेव्हा तो एका वेगळ्या पानावर मिळावा.

लिनक्सकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे ड्रायव्हरची माहिती बाहेर ठेवायच्या दोन वेगळ्या जागा आहेत. सिसएफएस ही जगाला दिलेल्या शब्दाची जागा, एका फाइलमध्ये एकच मूल्य. तिथे ठेवलेल्या गोष्टींचं दस्तऐवजीकरण करावं लागतं, आणि 'स्थिर' म्हणून नोंदवलेली गोष्ट किमान २ वर्षं मोडायची नाही असा नियम आहे. दुसरी जागा डीबगएफएस. २००४ मध्ये आलेली. ती ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या सोयीची, मूळ स्वरूपात फक्त प्रशासकाला उघडणारी, काहीही ठेवा आणि काहीही काढा. हा भेद पहिल्या दिवशी करा. माहिती एकदा सगळ्यांना दाखवली, की कुणीतरी तिच्यावर आपला प्रोग्रॅम बांधतो, कुणी प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत तिचं चित्र छापतो, आणि मग तो शब्द बदलायचा तर तालुक्या-तालुक्यात फोन जातात. ज्याची खात्री नाही ते आधी डीबगच्या कप्प्यात ठेवा. सहा महिने मदतकेंद्राला काय कामी आलं ते बघा आणि तेवढंच पुढच्या दालनात आणा.

पडद्यावरच्या वाक्याबद्दल आता थोडं सविस्तर, कारण बहुतेक ठिकाणी काम इथेच बिघडतं.

सेवा केंद्रात पडदा ऑपरेटरकडे असतो आणि बोट नागरिकाचं असतं. म्हणून वाक्य असं लिहा की ऑपरेटरला ते मोठ्यानं वाचून दाखवता येईल आणि ऐकणाऱ्याचा अपमान होणार नाही. 'अवैध बायोमेट्रिक' हे कुणाला वाचून दाखवणार? ७२० साठी मी असं लिहीन : 'स्कॅनर तयार नाही. केबल काढून पुन्हा लावा. तुमच्या बोटात काही अडचण नाही.' शेवटचं वाक्य जादा वाटेल. मामांना अंगठा चोळताना पाहिल्यापासून मला ते वाटत नाही. ७१० साठी : 'स्कॅनर दुसरा प्रोग्रॅम वापरतोय. तो बंद करून पुन्हा घ्या.' ७०० साठी : 'वेळ संपली. दिवा लागल्यावर बोट ठेवा आणि दिवा जाईपर्यंत उचलू नका.' ३०० साठी : 'ठसा घेतला गेला, पण आधारच्या नोंदीशी जुळला नाही. दुसरं बोट घेऊन बघा.' इथेही 'ठसा घेतला गेला' हे सांगणं महत्त्वाचं, म्हणजे स्कॅनरवर हकनाक संशय जात नाही आणि ऑपरेटर केबल उपटत बसत नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत क्रमांक असू द्या, फोनवर मदतकेंद्राला सांगता यावा म्हणून. वाक्य माणसासाठी, क्रमांक दुरुस्तीसाठी.

वेळही सांभाळायला हवी. स्कॅनर तयार नाही हे माणूस खुर्चीत बसायच्या आधी कळलं पाहिजे. केंद्र उघडताना, आणि त्यानंतर दर थोड्या वेळानं, प्रणालीनं स्वतःहून विचारपूस करावी. पण सर्व्हिस चालू आहे म्हणून 'तयार' दाखवू नका. काचेखालच्या सेन्सरनं खरोखर उत्तर दिलं तरच दाखवा. वीज वाचवायला विंडोज यूएसबी पोर्ट झोपवतं, त्यातून स्कॅनर नीट जागा होत नाही, आणि वरच्या थरात मात्र हिरवी खूण तशीच राहते, हे मी अनेकदा पाहिलंय. शिळी हिरवी खूण ही खूण नसण्यापेक्षा वाईट. खुणेशेजारी 'तपासलं : १०.४२' एवढं लिहिलं तरी माणूस सावध होतो. उलट, केबल जरा हलली की दर सेकंदाला तयार-बंद-तयार असं लुकलुकत राहिलं, तर लोक तिकडे बघायचंच सोडतात. दोन-तीन सेकंद स्थिती टिकली तरच ती बदलून दाखवा.

आरडी सर्व्हिसची मुदत हा असाच एक विषय. मुदत संपली की स्कॅनर ठीक असूनही काम बंद. ऑपरेटर सांगतात, "आरडी संपली." ही गोष्ट संपल्या दिवशी सांगून उपयोग नाही. पंधरा दिवस आधी, दिवसातून एकदा, केंद्र उघडताना सांगा. बाकी वेळी गप्प राहा. सगळं सुरळीत असताना ड्रायव्हरनं काही बोलू नये, हा लिनक्सवाल्यांचा जुना दंडक आहे आणि तो पडद्यालाही लागू पडतो.

आणि हे सगळं कार्यालयात बसून तपासू नका. एक दिवस सेवा केंद्रात किंवा रेशन दुकानात जाऊन बसा. परवानगी घेऊन मुद्दाम केबल सैल करा आणि बघा, ऑपरेटर काय करतो, रांगेतल्या माणसाला काय सांगतो. त्याच्या तोंडून जे वाक्य निघेल ते लिहून घ्या. तुमच्या संदेशापेक्षा ते बहुधा चांगलं असेल.

तुमच्या प्रणालीत ७२० आणि ३०० या दोन्ही क्रमांकांना एकच वाक्य जात असेल, तर ते आज वेगळं करा. बदल दहा-वीस ओळींचा आहे. नोव्हेंबरची रांग लागण्याआधी तो केंद्रांवर पोचवा.